अकरा घरांची पाळी

आमचे वरचे आजोबा पन्नासएक वर्षं जर्मनीत राहिले, पण माझ्या माहितीप्रमाणे एक दिवसही आपल्या गावाबाहेर गेले नाहीत. गाव आयर्लंडच्या पार पश्चिमेला, अवघ्या अकरा घरांचं. तरुणपणी वेल्डर म्हणून ते लुडविग्सहाफेनला आले, इथल्या केमिकल कारखान्यात पाइप जोडत निवृत्त झाले आणि शेवटी आमच्या इमारतीत, बरोबर आमच्या डोक्यावर राहिले. जागा बघायला आले तेव्हा भाडं विचारलं नाही, खोल्या पाहिल्या नाहीत. दाराशेजारच्या बेलची बटणं तेवढी मोजली. ती अकरा भरली, आणि त्यांनी तिथल्या तिथे करारावर सही केली.

मग प्रत्येक बिऱ्हाडाला त्यांनी आपल्या गावातलं एकेक घर वाटून टाकलं. तळमजल्यावर विणकराचं घर, त्याच्या समोर विहिरीजवळचं. तळमजल्यावरची बाई म्हणजे हाउसऑर्डनुंगचं, इमारतीच्या नियमावलीचं, चालतंबोलतं पुस्तक. दह्याचा रिकामा डबा चुकीच्या रंगाच्या कचरापेटीत पडला तरी तिला वास येतो. पण आजोबा रोज सकाळी जिन्यात थांबून तिच्या दाराला टोपी काढून नमस्कार करत, तिला नव्हे, कधीच्या मेलेल्या विणकराला. तिने एकदा दार उघडून कोण हवंय म्हणून विचारलं, तर आजोबांनी त्याच्या गुडघ्याची चौकशी केली. आता बरा आहे, असं तिने सांगून टाकलं. का सांगितलं, हे तिचं तिलाही कळलं नाही.

बाल्कनीतून फरशीचं पाणी ओतण्याआधी ते खाली वाकून, पाय आवरा रे, असं कोणालातरी बजावत. खाली कुंड्यांशिवाय कोणी नसे. एकदा दुपारी शिफ्ट संपवून मी जिना चढत होतो, तर आजोबा भिंतीला चिकटून उभे. वरून कोणी उतरत असेल म्हणून मीही अंग चोरलं. उतरलं कोणीच नाही, पण माझ्या मानेवरून गार वारा गेला. जिन्याची खिडकी बंद होती. आजोबांनी मला, आभारी आहे, म्हटलं आणि ते चालू लागले. मी केमिकल इंजिनियर आहे. वाऱ्याला दाबातला फरक लागतो हे मला पाठ आहे. तरी त्या दिवसापासून मी जिन्यात उजव्या बाजूने चालतो.

आमचं घर सातवं, वाट बघणारीचं. तिचा मुलगा होडी घेऊन गेला तो आला नाही, म्हणून ती दिवेलागणीला दाराची कडी लावत नसे. माझी बायको मेधा हे ऐकून खूप हसली. आठवड्याने पाहतो तर संध्याकाळी ती आमच्या दाराची साखळी हळूच काढून ठेवतेय. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "अरे, उगाच कोणाचं मन कशाला मोडा?"

त्या गावची एक रीत होती. वसंतात एका सकाळी सगळं गाव एका घरी जमायचं, पाद्री येऊन प्रार्थना करायचा, मग खाणंपिणं. दर वर्षी पाळी वेगळ्या घराची. ज्याची पाळी तो दोन महिने आधीपासून भिंती रंगवायला घ्यायचा. खाणं झालं की यजमान एकेका घराचं नाव घेऊन हाक मारायचा आणि त्या घरातल्याने, आहोत, म्हणायचं. हाक एकदाच. ओ आली नाही तर ते घर यादीतून कायमचं खोडलं जायचं. लोक अमेरिकेला गेले, इंग्लंडला गेले, छपरं कोसळली, तरी मागे राहिलेली एक म्हातारी सगळ्या घरांच्या वतीने ओ देत आली होती. मागच्या वर्षी हिवाळ्यात ती गेली. पाळी आजोबांच्या घराची होती, आणि चुकली असती तर गाव मोडलं असतं. हे त्यांनी आमच्याकडे चहाला आले असताना सांगितलं. मला त्यांची फार दया आली, म्हणून आम्ही येतो म्हणून बसलो.

आजोबांनी घर रंगवलं, मग उत्साहाच्या भरात जिन्याची भिंतही. तळमजल्यावरची बाई फुटपट्टी घेऊन आली आणि पांढरा रंग नियमातला निघाल्यामुळे नाइलाजाने परत गेली. ठरल्या रविवारी इमारतीतले सगळे वर जमले. मेधाची आई तेव्हा वेंगुर्ल्याहून आली होती. तिने शिरा केला होता. पाद्री काही मिळाला नाही. प्रार्थना आजोबांनीच म्हटली, आणि यादी उघडली.

विणकराचं घर. तळमजल्यावरची बाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "या, गेनाऊ," म्हणजे हो, अगदी बरोबर. मग विहिरीजवळचं, मग एकेक. सहावं दोघा भावांचं, एकाच दिवशी तळ्यात बुडालेल्या. ते घर म्हणजे आमच्या समोरचा फ्लॅट, सहा महिने रिकामा. त्याच्या वतीने बोलायला कोणाला सांगायचं राहून गेलं होतं. आजोबांनी हाक मारली आणि मागून कोणीतरी शांतपणे, आहोत, म्हणालं. आजोबांनी खूण केली. आवाज कोणाचा, हे आम्ही नंतर सगळ्यांना विचारलं; जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

पुढची हाक आमची. मी तोंड उघडलं, तोच सासूबाईंनी माझा गुडघा गच्च दाबला. त्यांच्या गावी पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. जिवंत माणूस तीनदा हाक मारतो. एकदाच मारणारा निराळा असतो. त्यात नुकताच तो मागचा आवाज ऐकलेला. मेधाही मानेने नको म्हणाली. आजोबांची पेन्सिल आमच्या नावावर टेकली. सत्तर-ऐंशी माणसांचं गाव माझ्या गुडघ्यापायी खोडलं जातंय असं वाटून मला कानकोंडं झालं. मी घाईघाईने सासूबाईंची रीत आजोबांना समजावली.

आजोबांनी पेन्सिल उचलली. "बरोबर आहे बाईंचं," ते म्हणाले. "मी घर सोडलं तेव्हा आईने मला एकदाच हाक मारली. दुसऱ्यांदा मारली असती, तर मी वळलो असतो."

मग गावात कधी झालं नव्हतं ते त्यांनी केलं. दुसरी हाक मारली. मग तिसरी. सासूबाईंनी पदर सावरला आणि अशी खणखणीत "ओ" दिली की शेजारच्या इमारतीतली खिडकी उघडली. आजोबांनी चष्मा काढून पुसला. उरलेल्या घरांनाही त्यांनी तीन-तीन हाका मारल्या, आणि त्यामुळे शिरा गार झाला. शेवटी पुढची पाळी जाहीर केली: वाट बघणारीचं घर. म्हणजे आम्ही.

नोव्हेंबरात आजोबा गेले. वर पावलं वाजत नाहीत, आणि मला ते आवडत नाही. यादी त्यांनी आमच्या टपालपेटीत टाकून ठेवली होती. तेवढ्यात ऑफिसने मला कोलोनला बढती दिली, एक मार्चपासून. मी साहेबांना म्हटलं, मेपर्यंत थांबा, आमच्याकडे गावजेवण आहे. मेधाने तोवर भिंतीच्या रंगाचे तीन डबे आणूनही ठेवले होते. साहेबांनी तुमचं गाव केवढं म्हणून विचारलं. मी म्हटलं, अकरा घरांचं. त्यातल्या आमच्या वरच्या घराच्या वतीने ओ द्यायला अजून कोणी सापडलेलं नाही, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.