पेढीवरचे दोन पूल

अमेरिकेत लढाई जुंपली आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवासा झाला. त्या वर्षांत आमच्या, पूल-रस्ते बांधणाऱ्या सॅपर कंपनीची एक तुकडी अमरावतीला आली. समोर शत्रू नव्हता. वलगावजवळ पेढी नदीवर लाकडी पूल बांधायचा, एवढाच हुकूम होता. चांदूर बाजाराकडून कापसाच्या गाड्यांची रीघ लागलेली असे आणि त्या नदीत खोळंबत.

मी हवालदार होतो. माझ्या हाताखाली नाईक गोविंद होता. रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा, कमी बोलणारा माणूस.

पहाटे बिगुल, मग कवायत, मग दिवसभर लाकूडकाम. आमच्या तुकडीत एका वस्तूला चार नावं होती. लेफ्टनंट साहेब ब्रिज म्हणत. मद्रासकडचे सॅपर पालम म्हणत. हिंदुस्थानी जवान पुल म्हणत. गोविंद सांकव म्हणे, कारण त्याच्या गावी ओढ्यावर तेवढंच असे. काम अडत नव्हतं. हातोडा सगळ्यांना कळत होता.

गावाचं निराळं होतं. आमच्या कामाच्या खालच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, नदीच्या तळाशी जुनी दगडी फरशी होती. गाड्या तीवरून जात. किसन नावाचा एक वयस्क गाडीवान बैलांना पाणी पाजायला थांबे. तो आमच्या कामाकडे बघून म्हणायचा, "हे कायचा पूल, बापा? हे तं जागलीचं माचाण. पूल थो हाय, खाली. पुरात बुडते, पन जागा सोडत नाही."

शेतराखणीच्या मचाणाशी आमच्या पुलाची बरोबरी ऐकून गोविंद हसायचा. मीही हसायचो.

त्या दिवशी दुपारचे तीन वाजले असतील. पुलाच्या फळ्या ठोकून झाल्या होत्या, कठडा बाकी होता. ऊन कडक होतं. वाळूत गाड्या सोडून गाडीवान सावलीला पडले होते. वरच्या अंगाला आमचं पहाऱ्याचं पिकेट होतं. तिकडून बिगुल वाजला. थांबला. पुन्हा वाजला. डोंगराकडे कुठे तरी वळीव कोसळला होता आणि पाणी येत होतं.

लेफ्टनंट साहेब धावत आले. "सब आदमी पुल पे! गाडी छोडो!"

मी तोच हुकूम मराठीत ओरडलो, "गाड्या सोडा! पुलावर चला!"

बिगुल कशाचा, हे गाडीवानांना ठाऊक नव्हतं; हुकूम ऐकून ते उठले. धावले. आणि सगळेच्या सगळे खाली, फरशीवर जाऊन उभे राहिले. काहींनी बैलही ओढत नेले.

"पुलावर या!" मी पुन्हा ओरडलो.

किसन खालून ओरडला, "पुलावरच तं हाओत ना आमी! कावून बोंबलून राहिले?"

तेव्हा गोविंदला उमगलं. माझ्याकडे वळून तो म्हणाला, "हवालदार, त्यांचा पूल तो." एवढं बोलून तो पुलाला टेकवलेल्या शिडीवरून खाली उतरला. वाळूतून धावत गेला आणि हात वर करून ओरडू लागला, "माचाणावर! माचाणावर चला!"

आता त्यांना कळलं. माणसं शिडीकडे पळाली. आम्ही वरून दोर सोडले, हाताला धरून एकेकाला ओढून घेतलं. पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला होता. किसन मात्र फरशीवरच वाकलेला होता. त्याच्या बैलाची वेसण फरशीच्या दगडांत अडकली होती.

"गोविंद, वर ये!"

"आलो, हवालदार."

तो आला नाही. किसनकडे गेला. त्याने वेसण कापली, किसनचं मनगट धरलं, आणि दोघे पुलाकडे धावत सुटले. शिडी दहा-बारा पावलांवर राहिली होती. पाणी मातीच्या भिंतीसारखं आलं. त्यात ओंडके होते, काटेरी झुडपं होती. कापूस भरलेले बोंद उलटेपालटे होत गेले. गोविंदचं डोकं दोनदा दिसलं.

पूर उतरला तेव्हा आमचा पूल उभा होता. फरशीही जागेवर होती. किसन धरून तीन गाडीवान शिडीपर्यंत पोचू शकले नव्हते. गोविंद आणि किसन दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर काळ्या चिखलात एकत्र सापडले. किसनचं मनगट सोडवायला गोविंदची बोटं एकेक करून उघडावी लागली. ते काम मी केलं. किसनच्या मुलाने एकाच काठावर दोन चिता रचल्या. म्हणाला, "आमच्या बाबासाठी आला थो. त्याले परका कसा म्हनू?"

साहेब नदीकाठी आले. मग त्यांनी मला विचारलं, गावात पूल कशाला म्हणतात. मी फरशी दाखवली. त्या दिवसापासून आमच्या तुकडीत ऑर्डर देताना हाताने जागा दाखवायचा नियम झाला. कठडा बसला, गाड्या वरून जाऊ लागल्या.

रजा मिळाली तेव्हा मी गोविंदच्या गावी गेलो. त्याची आई ओसरीवर जाळं विणत होती. तिला कोणीतरी आधीच सांगितलं होतं. तिने मला पाणी दिलं आणि मग विचारलं, "खाडीत वाढला तो. एवढ्याशा नदीत बुडला कसा?"

मी म्हणालो, "एका हाताने पोहत होता, आई. दुसऱ्या हातात माणूस होता."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "त्या माणसाचं नाव काय?"

"किसन."

"किसन," ती म्हणाली, आणि तिने ते नाव आणखी एकदा उच्चारलं, पाठ करावं तसं.