द्वारकाबाईंची वीत

थंडीतलं दुपारचं ऊन म्हणजे अफू. द्वारकाबाई बऱ्हाटे गच्चीवरच्या बाजेवर बसून टाके मोजतायत आणि मोजता मोजता आकडा निसटतोय. मान छातीवर येते, त्या ती उचलतात, पुन्हा येते. डोळा लागलेला कुणाला दिसायला नको. दुपारी झोपणाऱ्या बायकांबद्दल त्या काय बोलतात हे भुसावळच्या त्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे.

मांडीवर निळ्या स्वेटरची पाठ आहे, बगलेपर्यंत आलेली. स्वेटर सुनेचा. हेमलता परवा सकाळी चिखलदऱ्याला निघणार आहे, तिथल्या आश्रमशाळेत मुख्याध्यापिका होऊन. इतक्या वर्षांत सासूने तिच्यासाठी कधी सुया हातात धरल्या नव्हत्या. नवऱ्याला विणलं, मुलांना विणलं, जावयाच्या भावालासुद्धा विणलं. सुनेने कधी मागितलं नाही आणि न मागता देणं द्वारकाबाईंच्या स्वभावात नाही. पण बदलीची ऑर्डर आली त्या दिवशी जिन्यात चार बायका उभ्या असताना त्या बोलून गेल्या, की आमच्या घरचं माणूस विकतचा स्वेटर घालून डोंगर चढणार नाही. बोलल्या त्या बोलल्या. आता स्वेटर झाला नाही तर त्या चार बायका आहेत आणि तो जिना आहे.

आणि होतोय कुठे? दोनदा पाठ विणली, दोनदा रुंदीला तोकडी पडली, दोनदा उसवली. मापात चूक असणं शक्यच नाही. माप वितीचं, सुनेच्या लग्नातल्या चोळीसाठी घेतलेलं, तेव्हापासून लक्षात असलेलं. द्वारकाबाई दुसरीपर्यंत शिकल्या. टेपवरचे आकडे त्यांना वाचता येतात, पटत नाहीत. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेला उजवा हात, तोच त्यांचा टेप. याच वितीवर त्यांनी रेल्वे क्वार्टरमधल्या निम्म्या माणसांना हिवाळे काढायला लावले. हेमलताने हळूच टेप आणून समोर ठेवला तेव्हा, टेप शिंप्याला लागतो, असं सांगून त्यांनी तो परत पाठवला. दुसरी पाठ तोकडी पडली तेव्हा म्हणाल्या की शाळेतली खिचडी हल्ली बाईच संपवतात वाटतं. हेमलताने लोकरीचा गुंडा उचलून दिला. ती उलटून बोलत नाही, हा तिचा मोठाच दोष.

ही तिसरी पाठही अंगाला लावून बघायची हिंमत होत नाहीये. मान पुन्हा छातीवर येते. या वेळी त्या ती उचलत नाहीत.

गच्चीच्या कठड्याला कुणीतरी सायकल टेकवतं. तिसऱ्या मजल्यावर सायकल कशी आली, हे द्वारकाबाईंच्या मनातही येत नाही. त्यांच्या मनात येतं की आज रेल्वेच्या शेडमधून यांना उशीर झाला.

"चहा आहे का?" भागवतराव विचारतात.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, हे त्यांना माहीत आहे. तरी राग येतो तो न कळवता आल्याचा. दूध बेताचंच असतं. त्या उठतात आणि स्वयंपाकघरात असतात, जुन्या क्वार्टरच्या. ओटा आणि मोरी यांच्या मधून रूळ गेले आहेत. निऱ्या जरा उचलून त्या ते ओलांडतात, रोजच्यासारखे, आणि आधण ठेवतात. भागवतराव पाटावर बसले आहेत. अंगात तपकिरी स्वेटर आहे, पाठीवर जाड वेण्यांची वीण असलेला.

तेराव्यानंतर हा मी गेटमनला देऊन टाकला होता, असं द्वारकाबाई म्हणतात. मग तुमच्या अंगात कसा?

"तोही आता आमच्याकडेच असतो. भेटल्या भेटल्या परत केला. म्हणाला, वहिनींच्या हातचा आहे, तुम्हालाच शोभतो."

गेटमनला अक्कल उशिरा आली, असं त्यांना वाटतं, पण बरंही वाटतं. मग त्या सगळं सांगत सुटतात. परवाची गाडी, जिन्यातल्या बायका, दोनदा उसवलेली लोकर, आणि सून कशी बघता बघता आडवी सुटली आहे ते. भागवतराव चहा बशीत ओततात, फुंकतात. ऐकताना मध्ये न बोलायची त्यांची सवय गेलेली नाही.

"माझी वीत चुकत नाही," द्वारकाबाई म्हणतात. "उभे राहा. वळा तिकडे."

ते उभे राहून वळतात तेव्हा फलाटावर असतात. धुकं आहे, कोळशाचा वास आहे, बाकांवर कुणी नाही. नवऱ्याची पाठ तीन विती. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मोजली होती तीन विती आणि शेवटच्या हिवाळ्यातही तीनच. द्वारकाबाई डाव्या खांद्याखाली अंगठा टेकवतात, हात ताणतात. एक. दोन. तीन. पलीकडे बरीचशी पाठ उरते. त्या पुन्हा मोजतात. पुन्हा उरते.

"जाडे झालात."

ते हसतात. त्यांचं हसू द्वारकाबाईंना तळहाताखाली कळतं.

"मेलेला माणूस कशाने जाडा होईल, द्वारका?"

शेजारच्या रुळावरून एक लांबलचक मालगाडी जाते, अजिबात आवाज न करता. ती संपेपर्यंत द्वारकाबाई तिकडेच बघत राहतात. मग आपला हात डोळ्यांसमोर धरतात. पेरं सुजलेली आहेत. करंगळी आत वळली आहे, अंगठा बाजूला पूर्वीसारखा जात नाही. याच हाताने रोज पोळ्या लाटतात, याच हाताने टाके घालतात. पण त्याच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

"म्हणजे हेमलता..."

"होती तेवढीच आहे."

"मग संपलं म्हणा," त्या म्हणतात. "हात गेला माझा."

भागवतराव तो हात आपल्या हातात घेतात. त्यांच्या नखांत अजून काळं ग्रीस आहे.

"मोजायचा गेला. विणायचा आहे की."

आणि ते आपला दंड वर उचलतात. बगलेपासून थेट खालपर्यंत, दोन्ही अंगांना, एकेक अरुंद पट्टी जोडलेली आहे, जरा वेगळ्या तपकिरी रंगाची. द्वारकाबाईंना आठवतं. शेडच्या कॅंटीनला नवा आचारी आला होता आणि पोट वाढून स्वेटर पुढून ताणायला लागला होता.

"तेव्हा नाही उसवलास. म्हणाली होतीस, माणूस वाढलं तर स्वेटरनेही जरा सरकून जागा द्यावी."

"तेव्हा मला अक्कल होती."

"खांदेही रुंद धर सुनेचे. दुखण्यात मला तीच उचलून बसवायची. त्या खांद्यांना धरून उठलोय मी, माहीत आहेत मला."

कुठेतरी शिट्टी होते. कठड्याला टेकवलेली सायकल आता दिसत नाही. द्वारकाबाईंना ठाऊक आहे शिट्टी कशाची ते, आणि त्यांना एकदम जे सांगावंसं वाटतं ते त्या सांगून टाकतात, खाली बघून, भराभर. की सून गेल्यावर घरात बोलायचं कुणाशी. मुलगा पेपर वाचतो. भिंती उलटून बोलत नाहीत, आणि हेमलताही बोलत नाही, पण तिचं न बोलणं ऐकू येतं.

"तिला सांगितलंस हे?"

"तिला कशाला? डोक्यावर बसेल."

भागवतराव पुन्हा पाठ करून उभे राहतात.

"अजून एकदा मोजते," द्वारकाबाई म्हणतात, "थांबा जरा." आणि वीत न ताणता सगळा तळहात त्या वेण्यांवर दाबून धरतात. मोजत काहीच नाहीत. भागवतरावांनाही ते कळतं. गाडी येते, थांबते, तरी ते हलत नाहीत. जितका वेळ धरायचं तितका वेळ धरू देतात.

डोळे उघडतात तेव्हा ऊन बाजेवरून उतरून कठड्याशी गेलेलं आहे. हेमलता दोरीवरचे कपडे काढतेय. सासू झोपली होती हे तिने बघितलंय आणि बघितलं नाही असं दाखवतेय.

"टेप आण," द्वारकाबाई म्हणतात.

हेमलता थबकते. मग कपडे तिथेच टाकून खाली जाते आणि टेप घेऊन येते. द्वारकाबाई तिला समोर उभी करतात, पाठ तिच्या पाठीला लावून बघतात. तोकडी आहेच. उसवायची नाही, असं त्या सांगतात, बगलेखाली पट्ट्या घालू. एका रात्रीचं आणि एका दिवसाचं काम आहे, होईल. जरा वेळाने, तिच्या मागेच उभ्या राहून, आणखी एक गोष्ट सांगतात.

"तू जाडी नाही झालीस. माझा हात आखडलाय."

हेमलता मान वळवत नाही. तिचे खांदे तेवढे किंचित हलतात.

"आणि सुट्टी लागली की यायचं. मला सांगायला लावू नकोस."

"येईन, आई."

टेपचं टोक धरायला ती हात मागे करते आणि सासूचा हात तिच्या हातात येतो. ती तो उलटा करून उन्हाकडे धरते. तळहातावर मनगटापासून बोटांपर्यंत एक जाड वेणी उमटली आहे, लालसर, खोल, पिळानपीळ स्पष्ट. बाजेवर पडलेली निळी पाठ साधी, सपाट विणीची आहे. वेण्यांचं काहीच आता या घरात नाही.

"हे कशाचं उमटलंय?"

द्वारकाबाईही बघतात. बराच वेळ बघतात.

"सरळ उभी राहा," त्या म्हणतात. उजवा हात अलगद पदराखाली घेतात आणि बाकीचं सगळं माप डाव्याच हाताने घेतात.