शुक्र बुडाल्याची तारीख

यतिन घोलपची बोटं मोडली तेव्हा तुम्ही कुठे बघत होतात? छताकडे? मोबाईलमध्ये? सिडनीत, टूनगॅबीच्या त्या हॉलमध्ये सत्तर माणसं होती. पोलिसांकडे तुमच्यापैकी एकाचाही जबाब नाही. मी बाहेर गाडीतून कॅलेंडरांचे खोके काढत होते. किंकाळी ऐकली, मार पाहिला नाही. माझ्या साक्षीने भागत नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी माणूस कोण ते ऐका. यतिन नाशिकहून स्टुडंट व्हिसावर आला. कॉलेज मध्येच बंद पडलं. पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळेपर्यंत अकरा वर्षं भांडी घासली. आता वेस्टमीडला एका हॉस्पिटलात वॉर्ड्समन आहे. पेशंटचा बेड ढकलत ऑपरेशनला न्यायचा, पेशंट मेला तर शवागारात. आईस नावाच्या ड्रगच्या नशेतल्या एकाने त्याच्या बरगडीत गुडघा घातला होता, एका बाईने कान चावला होता. दुसऱ्या दिवशी हा परत शिफ्टला हजर.

त्याच्या जोडीला तावीता, सामोआचा, दाराएवढा माणूस. त्याने यतिनला तापुइतेआची गोष्ट सांगितली. बाईच्या कपाळावर शिंगं उगवली आणि ती माणसं खायला लागली. पोटची पोरंही खाल्ली. वाचलेला मुलगा तोइवा तिच्या तोंडावर बोलला, तेव्हा तिला लाज वाटली आणि ती आकाशात चढली. तोच शुक्र. संध्याकाळी मुलाच्या जेवणाला उजेड देते, पहाटे त्याच्या कबुतरांच्या शिकारीला.

वॉर्ड पुसणारी मार्ता ग्वाटेमालाची, माया लोकांतली. तिचे आजोबा दोनशेसाठ दिवसांचं चक्र मोजायचे. त्यांच्याकडे प्रत्येक दिवस एक देवच. नावाने हाक मारायची, नमस्कार करायचा. तिथल्या यादवीत सैनिकांनी त्यांना अंगणातच गोळ्या घातल्या, मोजायच्या बिया हातात असताना. मार्ताने फोनवर जुन्या पोथीचं चित्र दाखवलं: शुक्र आठ दिवस गायब होतो आणि पहाटे उगवतो तो हातात भाला घेऊन. पाच देव, पाच भाले, भोसकलेले पाच जण.

"आपला शुक्र बुडाला की लग्नं थांबवतो," यतिन म्हणाला.

"बस एवढंच?" मार्ता हसली. "गरीब आहे तुमचा."

यतिन दरवर्षी कॅलेंडर काढतो, सिडनीच्या आकाशाचं. ते का लागतं? संकष्टीला मुंबईचा चंद्रोदय वाचून इथे उपास सोडणारी माणसं आपण, म्हणून! भिंतीवर पुण्याचं पंचांग, खिडकीबाहेर पॅरामाटा रोड. यतिन गणित करतो, मग पहाटे हॉस्पिटलच्या कार पार्कच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर उभा राहून डोळ्यांनी ताडून बघतो. गेल्या डिसेंबरात त्याने मार्चच्या पानावर एका बाजूला शिंगांची तापुइतेआ काढली, तोंडात लहान हात. दुसऱ्या बाजूला भालेवाला. मधे लिहिलं: सिडनीत शुक्राचा अस्त पुण्याच्या आधी.

नेमक्या त्याच आठवड्यात आपल्यातल्याच पद्माकरकाकांच्या मुलीचं, अनन्याचं लग्न. मुहूर्त पुण्याच्या गुरुजींचा, तिथल्या आकाशाप्रमाणे, जिथे शुक्र अजून वर होता. वरपक्ष मेलबर्नकडच्या पॉइंट कुकचा. पान व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत तिकडे पोचलं आणि मुलाच्या आजीने फोन केला, "अस्तात लग्न? आम्हाला फसवता का?"

कॅलेंडरच्या प्रकाशनाच्या दिवशी काका तीन खुर्च्या उलथवत स्टेजकडे आले. मागे पुतण्या कुशल.

"हे काय काढलंयस? आमच्या शुक्राला शिंगं?"

"तुमचा नाही काका, तावीताचा आहे. तो बघा, दुसऱ्या रांगेत बसलाय."

"मुलीचं लग्न मोडेल माझ्या! सांग सगळ्यांना, छपाईची चूक आहे म्हणून."

"चूक नाहीये. पुण्यातनं सिडनीचं आकाश दिसतं का?"

कोणीतरी हसलं. ते हसणं महागात पडलं. काकांनी त्याच्या कानशिलात मारली. यतिनने त्यांचा हात धरला, मारलं नाही. हे मला तावीताने सांगितलं, आणि तावीता खोटं बोलत नाही. कुशलने मागून गळ्याला वेढा घातला. यतिन टेबलावर आपटला, ओठ फाटला, कॅलेंडरांवर रक्त. घडीच्या टेबलाचा एक पाय आधीच मिटला होता. यतिनचा उजवा हात त्या पोलादी सांध्यात होता. काकांनी टेबलावर बूट ठेवला आणि अंगाचा सगळा भार दिला. एकदा नाही. दोनदा! ओल्या काटक्या मोडाव्यात तसा आवाज झाला म्हणे. तावीता खुर्च्या फेकत पोचेपर्यंत तीन बोटं गेली होती.

ज्या कॉरिडॉरमधून यतिन लोकांना ढकलत न्यायचा, तिथूनच तावीताने त्याला ढकलत नेलं. दोन ऑपरेशनं झाली. अंगठा आणि करंगळी चालतात. मधली तीन बोटं मिटत नाहीत. बेडची कड धरता येत नसेल तर वॉर्ड्समन कसला? नोकरी लटकली आहे आणि ती या केसवर लटकली आहे. कारण काकांनी पोलिसांना सांगितलंय, टेबल आपोआप कोसळलं आणि पहिला हात यतिनने उचलला. तावीताचं नाव आलं की त्यांचा वकील म्हणतो, तो तर दोस्त.

मध्यंतरी एक निरोप्या आला. म्हणाला, "छपाईची चूक होती असं लिहून दे. काका माफी मागतील, मिटवून टाकू."

यतिन प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसला होता. "तारा दिसत नाही म्हणजे दिसत नाही," तो म्हणाला. "काकांना आवडत नाही म्हणून तो वर येणार आहे का?"

लग्न ठरल्या दिवशीच झालं. त्या संध्याकाळी यतिन आणि मी कार पार्कच्या गच्चीवर गेलो. पश्चिमेला आकाश लख्ख, ढगाचं नाव नाही. अंधार पडेपर्यंत उभे राहिलो. शुक्र नव्हता. यतिनने डाव्या हाताने वहीत वाकडी फुली मारली.

भाले फेकणारे देव चित्रात असतात. बूट घालून आलेला माणूस आपल्या हॉलमध्ये होता, आणि त्याच्या हातचा पेढा तुम्ही लग्नात खाल्लात. खा. पण पुढच्या मंगळवारी सुनावणी आहे. दुसऱ्या रांगेतल्या मेधाताई, दाराशी उभे असलेले शैलेंद्र, आणि ज्यांची नावं मला माहीत नाहीत असे सगळे: सोमवारपर्यंत पोलीस स्टेशनला जा आणि बूट कोणाचा होता तेवढं सांगा.