मोकिहाना आंटी आणि हाराचा दोरा

मोकिहाना आंटीचा माणसांवर विश्वास नव्हता, आणि ती ते लपवतही नसे. शाळेच्या स्वयंपाकघरात उभी हयात गेली तिची. कुठलं पोर पुन्हा रांगेत घुसून दुसऱ्यांदा स्टू-भात लाटतंय, हे ती त्याच्या कानांवरून सांगायची. कान लाल म्हणजे चोर! निवृत्त झाली, पाठोपाठ नवरा हायरम गेला, आणि घरात संशय घ्यायलाही कुणी उरलं नाही. मग बाईसाहेब उद्यानाच्या स्वयंसेवकांत दाखल झाल्या.

आमच्या हवाईतल्या किलाउएआ ज्वालामुखीच्या विवराकाठी लोक पेलेला, म्हणजे ज्वालामुखीच्या देवीला, काय काय वाहून जातात! जिनच्या बाटल्या, कुजकी केळी, प्लॅस्टिकची फुलं. ते सगळं दर शुक्रवारी उचलायचं काम आंटीच्या गटाकडे. गटाची पुढारी तीच. तिला तसं कुणी निवडलेलं नव्हतं, पण नाही म्हणायची कुणाची छाती होती? तिचा नियम साधा होता. पानंफुलं राहू द्यायची. हार असेल तर हाऊच्या झाडाच्या सालीतून काढलेल्या दोऱ्यात ओवलेला हवा, म्हणजे तो मातीत कुजून जातो. दुसरा कसलाही दोरा दिसला की आंटीचं डोकं फिरायचं, कारण तिथे नेने चरतात. आमचे हे रानहंस एकदा संपत आले होते, मोठ्या मुश्किलीने वाचलेत. दोरा पायात अडकला की पक्षी गेलाच म्हणायचा.

पर्यटकांनाही ती सोडायची नाही.

"खिशात काय आहे?"

"फोन आहे, आंटी."

"फोन कधीपासून गरगरीत व्हायला लागले? ठेव तो दगड जागेवर!"

अशा बाईच्या गटात लॉइड ग्रॅबोव्स्की आला. ऑरेगॉनचा दंतवैद्य, बायको वारल्यावर दवाखाना बंद करून आमच्या गावात घर घेतलेला. सगळ्यांशी गोड बोलायचा, वाकून वाकून कचरा उचलायचा. आंटीने पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला. "इतका गोड माणूस एक तर काहीतरी विकायला आलाय, नाहीतर काहीतरी दडवतोय." त्यात डबा खाऊन झाला की हा विवराच्या कठड्याशी बसून दोऱ्याने दात साफ करायचा. सगळ्यांदेखत! आंटी तोंड फिरवायची, पण डोळा त्याच्यावरच.

आणि एका शुक्रवारी गाड्यांच्या तळाजवळ एक नेने नर लंगडताना दिसला. पक्ष्यांचं बघणारी रेंजर जॉयस तेरुया, तिने त्याला टॉवेलात धरलं. पायाला दोरा इतका करकचून बसला होता की मांसात रुतला होता. मादी दोन पावलांवर उभी राहून आकांत करत होती.

"दात साफ करायचा दोरा दिसतोय," जॉयस म्हणाली. "मेण लावलेला. वर तिहेरी गाठ आहे, म्हणून सुटला नाही."

सगळ्यांच्या माना लॉइडकडे वळल्या.

"मी माझा दोरा दर वेळी पिशवीत टाकतो," तो म्हणाला. "आणि दात साफ केलेल्या दोऱ्याला तिहेरी गाठ कोण मारेल?"

प्रश्न रास्त होता. पण ऐकायला कोण तयार होतं? त्याचे कान लालभडक झाले होते आणि आंटीला तेवढं पुरे होतं.

"ज्याच्या हातून नेनेला इजा झाली, त्याने आपल्या गटाचं जाकीट घालायचं नाही," ती कडाडली. "मग तो कुणी का असेना!"

लॉइडने नारिंगी जाकीट काढलं, नीट घडी घातली, कठड्यावर ठेवलं आणि निघून गेला. नराला दवाखान्यात नेलं; जीव वाचला, पाय गेला. मादी मात्र रोज त्याच जागी येऊन त्याला हाका मारत राहिली. आंटीला ते ऐकवत नसे. मग ती लॉइडला आणखी शिव्या घालायची.

हायरमच्या स्मृतीचा दिवस जवळ आला. दर वर्षी त्या दिवशी आंटी त्याच्या नावाने मंत्र म्हणत विवराच्या कठड्यावर चाफ्याचा हार चढवायची. डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यापासून हार ओवायचं काम तिची नणंद एडविना करायची. एरवी एडविनाच हार आंटीच्या घरी आणून द्यायची. ह्या वर्षी आंटी स्वतःच हिलो शहरात तिच्या घरी गेली, सांगितल्यापेक्षा जरा आधीच. एडविना ओसरीत बसली होती. मांडीशी फुलांचं घमेलं, हातात लांब सुई, आणि गुडघ्याजवळ एक इवलीशी पांढरी डबी.

"हे काय गं?"

"दोरा. काय असणार?"

"दातांचा?"

"मग? अख्खं बेट ह्यातच ओवतं, वहिनी. तूच नाही का पोरींच्या लग्नात ओवलेस? हाऊचा मेला तुटतो सारखा. हायरमला काय तुटका हार देऊ?"

"म्हणजे मागच्या वर्षीचाही..."

"मागचाही, त्याच्या मागचाही. असं काय बघतेस माझ्याकडे?"

आंटीने तिच्या हातातला हार ओढून घेतला आणि टोक डोळ्यांजवळ नेलं. एकावर एक तीन गाठी होत्या.

लग्नाचे हार ह्याच दोऱ्यात ओवतात, हे तिला काय माहीत नव्हतं? पण ते माणसांच्या गळ्यातले. विवरावर चढवायचा हार असा ओवणारी बाई आपल्याच घरात निघेल, हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. आणि समोर आयता दंतवैद्य उभा असताना मनाला त्रास कोण देतो! तिला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो पाय तिने, तिच्या हाताने, मंत्र म्हणत कापला होता.

हिलोहून ती थेट लॉइडच्या दारात गेली. त्याने जाळीचं दार उघडलं नाही, आतूनच ऐकून घेतलं. तिनेही आडवळण घेतलं नाही. दोरा कुणाचा, हार कुणाचा, चढवला कुणी, सगळं सांगून टाकलं.

"हे मला इथे सांगून काय उपयोग?" तो म्हणाला. "तुम्ही मला चार लोकांत चोर ठरवलंत."

शुक्रवारी आंटीने चार लोकांतच सांगितलं. जॉयस कळवळली. "आंटी, अहो, नकळत झालं ते."

"त्याने तरी मुद्दाम केलं असं कुठे ठरलं होतं? तेव्हा दया आली का कुणाला? मलाही नाही आली." आणि तिने अंगातलं आपलं जाकीट काढून जॉयसच्या हातात दिलं. "त्याचं त्याला परत नेऊन दे. माझं ठेव तुझ्याकडे."

हायरमच्या दिवशी ती साधा स्वेटर घालून पर्यटकांच्या गर्दीतून आली. हार ह्या खेपेला तिने स्वतः ओवला होता, हाऊच्या दोऱ्यात, चाचपडत, बोटं टोचून घेत. वेडावाकडाच झाला होता. कठड्याशी नारिंगी जाकीट घालून लॉइड उभा होता.

"आंटी," तो म्हणाला, "दोरा दाखवा."

आजूबाजूची माणसं बघायला लागली. आंटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्या नवऱ्याच्या हाराला ह्याने हात लावायचा? मग आपलाच नियम तिला आठवला आणि डोळे भरून आले. तिने फुलं बाजूला सारून दोरा पुढे केला. त्याने चष्मा चढवला, दोरा ओढून पाहिला, गाठ उलटी करून पाहिली. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"ठीक आहे. चढवा."

"एवढ्यात झालं?" आंटी नाक ओढत म्हणाली. "ते दुसरं टोक कोण बघणार?"

तो दुसरं टोक बघू लागला.