दुर्गाबाईची रस्सी आणि देवीचा वाटा

तळवलीच्या दुर्गाबाईचे हात भाताचे भारे उचलून घडलेले. शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, हात मात्र तसेच राहिले. गावदेवीच्या जत्रेत बायकांची रस्सीखेच असते, तिथे तळवलीच्या रांगेत सगळ्यांत पुढे दुर्गाबाई आणि समोर घणसोलीच्या रांगेत सगळ्यांत पुढे तिची सख्खी धाकटी बहीण काशी. दरसाल पहिली ओढ दुर्गाबाईची, दुसरी काशीची, आणि तिसरीला दुर्गाबाईचे हात ढिले पडायचे. मग वर्षभर प्रत्येक हळदीत काशी चारचौघींत विचारायची, ताय, ताट उचलशील ना गो, की मी धरू?

यंदा हे ऐकायचं नाही, असं दुर्गाबाईने ठरवलं.

सून वैष्णवी ऐरोलीच्या कंपनीत कामाला आणि संध्याकाळी जिममध्ये. जत्रेच्या दीड महिना आधी तिने सासूसाठी क्रिएटिनच्या पुडीचा डबा आणला. तिने समजावलं, की स्नायूंत झटक्याच्या जोराचा छोटासा साठा असतो. जीव खाऊन ओढलं की तो काही क्षणांत आटतो, थांबलं की भरतो. ही पूड रोज चमचाभर घेतली की साठा जरा वाढतो.

"म्हणजे गच्चीवरची टाकी," दुर्गाबाई म्हणाली.

वैष्णवी रोज घाईघाईत निघताना विचारायची, डबा चालू आहे ना? दुर्गाबाई सांगायची, देवापुढे हाय. आणि तो खरोखरच देवापुढे होता, सीलबंद. कारण नवी वस्तू गावदेवीला दाखवल्याशिवाय त्या घरात कुणी तोंडात घालत नाही, आणि नैवेद्याचा मान जत्रेच्या आदल्या दिवशीचा.

त्या दिवशी डब्याचं सील फुटलं. देवीला दाखवलेलं एकट्याने खायचं नसतं, म्हणून खोबरं-साखरेत मिसळून पूड आळीभर वाटली गेली. वैष्णवी घरी आली तेव्हा डबा धुऊन त्यात हळद भरलेली.

"आई, काशीमावशीलाही दिलंत?"

"तिला जास्त दिला. बहिनीचा वाटा मोठा असतो."

वैष्णवी उंबऱ्यावर बसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. एका चिमटीने कुणाचंच काही होणार नव्हतं. ती म्हणाली, आता पूड विसरा, टाकी तेवढी लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी पहिली ओढ तळवलीची, दुसरी घणसोलीची. दुर्गाबाईची टाकी आटली. काशीला जिंकल्यासारखंच वाटलं. जत्रेतल्या बेंजोवाल्यांची वाजंत्री सुरू झाली आणि ती आपल्या सगळ्या बायकांना घेऊन नाचू लागली, उड्या मारून, गिरक्या घेऊन.

दुर्गाबाईने आपल्या बायकांना खाली बसवलं आणि स्वतः लुगड्याचा काष्टा सोडला. सावकाश निऱ्या केल्या, खोचल्या, पसंत पडल्या नाहीत, पुन्हा सोडल्या. मग अंबाडा. पंच शिट्टी हातात घेऊन आभाळाकडे बघत राहिला. बाईमाणसाला काष्ट्याची घाई कर म्हणून कोण सांगणार? काशी नाचतच होती.

शिट्टी झाली. दुर्गाबाईने टाच रोवली, आणि हातांत कुणीतरी नळ सोडावा तसा जोर आला. घणसोलीची अख्खी रांग धापा टाकत घसरत आली, आणि काशी थेट बहिणीच्या पायाशी येऊन बसली.

बेंजोवाल्यांनी आता तळवलीसाठी ताल धरला. काशी मातीतूनच वर बघत म्हणाली, "ताय, तो परसाद उरलाय का गो?"

"फुडच्या सालाला देईन," दुर्गाबाई तिला दोन्ही हातांनी उचलत म्हणाली. "आधी देवीला दाखवीन."