अटर्नींच्या नावाची खूण

चूक माझीच. अटर्नी पेरफेक्तोंच्या वाढदिवसाला स्टुडिओत पान्सितच्या शेवयांचं ताट रिकामं होत आलं होतं आणि माझं डोकं त्याहून रिकामं. मी बोलून गेलो, "सर, ती खूण नमस्काराची नाही हो! ते तुमचं नाव आहे. तव्यातला मासा उलटतात ना, तसं!"

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या आमच्या वाहिनीवर अटर्नी, म्हणजे वकीलसाहेब, रोज सकाळी तासभर राजकारणावर परखड मत देतात. मत परखडच असतं, फक्त दर निवडणुकीला कूस बदलतं. पडद्याच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत उभ्या राहून मनांग लिता तेच मत कर्णबधिरांसाठी हातांनी सांगतात. मनांग म्हणजे ताई, स्टुडिओत सगळ्यांच्याच. त्यांचे आईबाप बहिरे, त्यामुळे बोबडे बोल फुटण्याआधी त्या खुणा शिकल्या. शहरातल्या बहिऱ्या मंडळींचा अटर्नींवर काडीचा विश्वास नव्हता. लितांच्या हातांवर होता.

ही मंडळी प्रत्येकाला एक खूण देतात, तेच त्याचं नाव. लितांची खूण गालावरची खळी. अटर्नींची, पंजा पालथा नि उताणा. अटर्नींना वाटे, हा चाहत्यांचा नमस्कार! दोन वर्षं ते कार्यक्रम संपवताना स्वतःच हसतमुखाने पंजा उलटवत आणि बाजारात मंडळी पोट धरून हसत.

त्याच दुपारी लितांना अटर्नींचं बोलावणं आलं. मी दाराशी, हातात शेवयांचं रिकामं ताट.

"उद्यापासून माझं नाव हे." अटर्नींनी छातीवर मूठ ठेवली. "म्हणजे, सच्चा माणूस. कळलं?"

"नाव मी ठेवलेलं नाही, सर. मला ते बदलता येत नाही."

"मला चौकट बदलता येते. तिथे साबणाची जाहिरात झकास बसेल."

शहरात राजकारण हातांनी सांगणारी चौकट तेवढी एकच. दुसऱ्या दिवशी त्यांनी छातीवर मूठ ठेवली. बाकी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मला हायसं वाटलं. एका खुणेने असं काय होतंय!

शनिवारी लितांच्या पिशव्या धरून मी बाजारात गेलो. तिथे मनोंग, म्हणजे दादा, अमादो चपला शिवत बसलेले. जन्माचे बहिरे, छोट्या लिताला खळीचं नाव देणारे तेच. त्यांनी लितांकडे पाहिलं आणि शेजारच्या बहिऱ्या कोळणीला कोण आलंय ते सांगितलं. गालाला बोट लावलं नाही. पंजा पालथा केला, मग उताणा केला. कोळीण हसलीसुद्धा नाही.

चौकट अजून आहे. लिता रोज सात वाजता काळा ब्लाउज घालून तिच्यात उभ्या राहतात, हात चोख चालतात. अमादोंच्या टपरीतला टीव्ही त्या वेळी बंद असतो.

परवा त्या चेहऱ्याची पावडर पुसत होत्या, तेव्हा मी धीर केला. "मनांग, मी जातो अमादोंकडे. सांगतो त्यांना, तुमचा दोष नाही. माझी जीभ घसरली म्हणून हे सगळं झालं."

"तुझी जीभ घसरली रे, माझे हात घसरले नव्हते."